घाटात तापलेली बाटली

आता तुम्ही हसणार, हे ठाऊक असूनच सांगतो. अणशीच्या घाटात माणूस वाघाला घाबरतो. मी एका बाटलीला घाबरलो!

माझी भाची सुजाता कारवारला समुद्रातल्या जिवांवर अभ्यास करते. आमच्या रामनगरच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी कारवारहून घरी निघालो, तर तिनं तिथं मांडायला बर्फाच्या डब्यात घालून एक बाटली दिली.

"मामा, हेच्यात पिल्लं हायत. नुसत्या डोळ्यांना दिसायची न्हाईत. मोठी झाली की अशी."

तिच्या मोबाईलवर बघतो तर काटेच काटे! समुद्रातलं साळिंदर!

"पाणी तापलं की बिगीबिगी वाढत्यात, वेडीवाकडी बी होत्यात. माझं वर्षाचं काम हाय, थंड ठेवा. मी उद्या मायक्रोस्कोप घेऊन येते."

आणि घाटात बस पंक्चर! डबा उघडला, तर बर्फाचं पाणी झालेलं आणि बाटली कोमट. आपण भातकरी माणूस. भिजवलेलं बियाणं पोत्यात दडपलं की उबेनं मोड पोत्याबाहेर येतात, हे जन्मभर बघितलेलं. मग ही काटेरी जात बाटली फोडणार नाही? आणि बाटली कुठं, तर माझ्या मांडीवर!

"घाम का हो फुटला?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. सांगायला नको होतं! मावशी उठल्या, मागचे उठले, अख्खी बस खाली.

"वाघाचं रान हाय, आत बसा!" कंडक्टर ओरडला.

"वाघ परवडला," मावशी म्हणाल्या, "त्यो दिसतो तरी!"

मी बाटली घेऊन रस्त्यावर उभा. फुटली तर आपण मेलो, नाही फुटली तर पोरीचं काम मेलं. पोतं फार तापलं तर आपण काय करतो? गार पाणी मारतो! धावलो ओढ्याकडं. बाटलीतलं निम्मं पाणी ओतलं, ओढ्याचं गारेगार पाणी भरलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सुजातानं मायक्रोस्कोपातून बघितलं. एकही पिल्लू हलत नव्हतं.

"मामा, हेच्यात काय घातलं?"

"ओढ्याचं पाणी. एकदम गार!"

"अवो, ती खाऱ्या पाण्यातली! गोडं पाणी म्हंजे त्यास्नी विष!"

ती मटकन खाली बसली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तरी टेबल मांडलं. पाटी लावली, 'तापमानाचा पिल्लांवर परिणाम'. शाळेतल्या एका मुलीनं वाकून बघितलं आणि विचारलं, "ताई, ही उन्हानं मेली की थंडीनं?"

सुजातानं माझ्याकडं बोट केलं. "दोन्हीनं न्हाई गं. मामानं."