मधे कोणी नको म्हणणारी अंबक्का

अंबक्काला आवाज कमी करायला सांगितलं की ती तो वाढवायची. तिची ही खोड म्हैसूरमधल्या निम्म्या मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापकांना ठाऊक होती, मला नव्हती. आम्ही बोगादीतल्या भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलो होतो. रविवारी सकाळपासून वरच्या मजल्यावर गिटार आणि ड्रमचा असा दणका चालला होता, की आमच्या स्वयंपाकघरातले कप फळीवर किणकिणत होते. मी तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. पंचेचाळिशीची, केस बारीक कापलेली, सुती साडी खोचलेली एक बाई गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून उभी होती. मी मोडक्या कन्नडमध्ये माझी विनंती मांडली.

माझे उच्चार ऐकून तिनं मराठीतच विचारलं, "पुण्याचा काय रे तू?"

"कराडचा."

"तेच ते. किती कमी करू?"

"थोडासा."

तिनं ॲम्प्लिफायरचं बटण उजवीकडे पिळलं आणि एक तार छेडली. खिडकीच्या काचा थरारल्या. मग तिनं बटण पुन्हा पहिल्या जागी आणलं. "घे, केला कमी. आता कूतको. बस म्हणते मी, चहा घे."

मी बसलो. अंबिका पवार तिचं पूर्ण नाव, पण सगळे अंबक्काच म्हणत. तिचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. "घोडा गेला, मग सगळे कारकून झाले," असं ती घराण्याच्या इतिहासाबद्दल एका वाक्यात सांगायची. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं की एका वाक्यात तीन वेळा 'अल्वा' यायचं. 'अल्वा' म्हणजे 'नाही का?' पण अंबक्काच्या तोंडी तो प्रश्न नसायचा. समोरच्यानं मान डोलवावी, एवढ्यासाठीच तो असायचा.

तिचा तिघांचा बँड होता, 'हुणसे'. हुणसे म्हणजे चिंच. "ऐकणाऱ्याचे दात आंबले पाहिजेत," ती म्हणायची. ती गायची आणि गिटार वाजवायची, प्रसन्न नावाचा तिशीतला मुलगा ड्रम वाजवायचा आणि जोसेफ नावाचा अबोल गृहस्थ बेस गिटार. बँड काढण्याआधी तिनं वीस-एक वर्षं लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गाणी म्हटली होती. तिथला ठेकेदार बोलणी करायचा, ठेकेदार पैसे घ्यायचा आणि उरलं तर गाणाऱ्यांना द्यायचा. त्या वर्षांबद्दल ती फार बोलत नसे. फक्त 'मधला माणूस' हे दोन शब्द उच्चारताना तिचा ओठ एका बाजूला वळायचा.

एकदा ती खाली आमच्याकडे आली ती फोन हातात घेऊनच. तिनं स्वतःचं एक जुनं गाणं इंटरनेटवर टाकलं होतं, ते काढून टाकलं गेलं होतं. एका रेकॉर्ड कंपनीनं ते आपल्या मालकीचं असल्याची तक्रार केली होती. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत तिनं ते त्या कंपनीसाठी गायलं होतं आणि समोर ठेवलेल्या कागदावर सही केली होती.

"शब्द माझे, चाल माझी, गळा माझा," ती म्हणाली. "आणि चोर पण मीच. काय हिशोब रे हा?"

त्याच सुमारास नॉर्वेतल्या एका श्रोत्यानं तिला निरोप पाठवला. काढलं जाण्याआधी ऐकलेलं ते गाणं त्याला आवडलं होतं आणि त्याचं मोल त्याला थेट तिलाच द्यायचं होतं, क्रिप्टोमध्ये. मी म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका आयटी कंपनीत काम करतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी तिच्या फोनवर वॉलेट, म्हणजे त्या चलनाचं पाकीट, उघडून दिलं, त्याचा पत्ता नॉर्वेला पाठवला, आणि आमचा चहा संपायच्या आत रक्कम आली. रक्कम किरकोळ होती. अंबक्कानं त्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मधे कोण होतं?"

"कोणी नाही."

"बँक?"

"नाही."

"ती गाण्याची कंपनी?"

"नाही, अक्का. तो आणि तू."

तिनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "हे सगळ्यांना सांगायला पाहिजे, अल्वा?"

दौऱ्याची कल्पना तिथून निघाली. दौऱ्याला तिनं नाव दिलं 'नेर'. कन्नडमध्ये नेर म्हणजे सरळ. गावोगावी जायचं, दुपारी तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना जमवून वॉलेट उघडून द्यायचं, आणि संध्याकाळी 'हुणसे'चा कार्यक्रम करायचा. बेंगळुरूच्या एका नव्या क्रिप्टो कंपनीला हे कळलं. त्यांचा विक्रम नावाचा तरुण, नम्र माणूस बोगादीला येऊन गेला. व्हॅन, स्पीकर, दिवे सगळं कंपनी देणार होती, बदल्यात रंगमंचामागे कंपनीचा फलक लावायचा होता. अंबक्कानं फलकाची लांबी-रुंदी विचारली आणि हो म्हटलं.

मी सुट्ट्या काढून, शनिवार-रविवार जोडून दुपारच्या वर्गांना जात असे. हुणसूर, हासन, चिक्कमगळूरू, धारवाड. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या बाई, देवळातले नादस्वरवाले, वरातीतले बँडवाले असे सगळे यायचे. तांत्रिक भाग मी सांगायचो, पण लोक ऐकायचे तिचं. "जादू नाही, पाकीट आहे हे," ती सुरुवातीलाच बजावायची. हुणसूरला राजप्पा नावाचा वरातीतला क्लॅरिनेटवाला उठून म्हणाला, "अक्का, याची किंमत पडते म्हणतात."

"पडते की. म्हणून गाण्याचे आले की त्याच दिवशी बँकेत घे. कर लागतो, तो भर. घरातल्या डाळ-तांदळाचे पैसे यात घातलेस, तर मी येऊन तुझी क्लॅरिनेट काढून नेईन."

धारवाडला एका निवृत्त प्राध्यापकांनी हा सगळाच लबाडीचा धंदा असल्याचं ठणकावून सांगितलं. अंबक्कानं त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "लबाड आहेत सर, खूप आहेत. मंगल कार्यालयात चप्पलचोर पण असतात. म्हणून आम्ही लग्नं बंद करत नाही. चपलेवर लक्ष ठेवतो." प्राध्यापक हसले, पण वॉलेट त्यांनी काही उघडलं नाही. त्याबद्दलही तिला आदर वाटला.

बेळगावात दुपारच्या जेवणाला विक्रम आमच्यात येऊन बसला. कंपनी स्वतःचं नवं क्रिप्टो नाणं काढत होती. दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम म्हैसूरला, तिथं अंबक्कानं ते जाहीर करायचं. तिनं जोडलेल्या सगळ्या कलावंतांनी आपल्या वॉलेटमधलं त्या नाण्यात घालावं, असं आवाहन करायचं.

"घातलेलं बाहेर कधी काढता येईल?" मी विचारलं.

"वर्षभर नाही. त्यानं किंमत स्थिर राहते," विक्रम म्हणाला.

अंबक्कानं भाताचा घास ताटात परत ठेवला. "म्हणजे पाकिटाला कुलूप, आणि किल्ली तुमच्याकडे."

"अक्का, शेवटी हा विश्वासाचा प्रश्न आहे."

"विश्वास माझ्यावर आहे त्यांचा. तुम्हाला कोण ओळखतंय? मी नाही सांगणार."

विक्रम शांतपणे म्हणाला की ठीक आहे, मग रंगमंचावरून तो स्वतःच सांगेल. तो हात धुवायला गेल्यावर प्रसन्न तिच्याशी भांडला. त्यानं या दौऱ्यासाठी शाळेतली नोकरी सोडली होती, आणि कंपनीनं त्याला पुढच्या कामाचं आश्वासन दिलं होतं. "एकदा बोल आणि विसरून जा, अक्का. चार वाक्यं तर आहेत."

"प्रसन्ना, मी कधी मुद्दाम बेसूर गायलेय?"

"नाही."

"मग मुद्दाम खोटं बोलायला का सांगतोस?"

"मग म्हैसूरचा कार्यक्रमच रद्द कर."

"लोक येणार आहेत. मी माझ्या गावात तोंड लपवणार नाही. साकू, पुरे झालं. जेव आता."

म्हैसूरचा कार्यक्रम हिनकलच्या एका सभागृहात होता. गावोगावचे कलावंत मुद्दाम आले होते. राजप्पा तर लग्नाची सुपारी उरकून, लाल कोटासकट, आपल्या अख्ख्या ताफ्याला घेऊन आला होता. चार गाणी झाली. मग विक्रम माइक घेऊन आला. मागच्या पडद्यावर सोनेरी नाणं गरगर फिरू लागलं. तो छान बोलला. अंबक्काच्या स्वप्नाचा पुढचा टप्पा म्हणजे हे नाणं, असं म्हणाला आणि तिच्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं आपल्या माइकपाशी येऊन टाळ्या थांबायची वाट पाहिली.

"हे माझं स्वप्न नाही," ती कन्नडमध्ये म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, असं पाकीट ठेवा ज्यात मधल्या माणसाचा हात जाणार नाही. आज तोच हात माझ्या नावानं पुढं आलाय. मी यात एक रुपया घालणार नाही. माझ्यावर विश्वास असेल तर तुम्ही पण घालू नका. आणि जे—"

पुढचं ऐकू आलं नाही. स्पीकर कंपनीचे होते. आधी माइक गेला, मग गिटार, मग रंगमंचावरचे दिवे. अर्ध्या अंधारात तिचे ओठ हलताना दिसत होते. विक्रम ध्वनियंत्रणेपाशी उभा होता. प्रसन्ननं काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि तो आत निघून गेला. लोक उठू लागले. मला वाटलं, संपलं.

अंबक्कानं गिटार काढून जोसेफच्या हातात दिली, रंगमंचाच्या अगदी कडेला आली आणि नुसत्या गळ्यानं गायला लागली. तेच गाणं, ज्यावर रेकॉर्ड कंपनीनं मालकी सांगितली होती. पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं असेल. तेवढ्यात मागून क्लॅरिनेटनं ती चाल उचलली. राजप्पा खुर्चीवर चढून उभा होता. त्याच्यामागून ट्रम्पेट आला, मग युफोनियम, मग त्याच्या पोरसवदा जावयानं ढोल काढला. वरातीतली वाद्यं ती, त्यांना विजेची गरज नसते. लाल कोटवाले वाजवत वाजवत मधल्या वाटेनं पुढे आले आणि सभागृह उभं राहिलं. विक्रमनं व्यवस्थापकाला काहीतरी सांगितलं. व्यवस्थापकानं खांदे उडवले, कारण त्या वाद्यांना बंद करायचं बटणच नव्हतं.

त्याची किंमत तिनं मोजली. व्हॅन त्याच संध्याकाळी गेली. क्रिप्टो कंपनीची कायदेशीर नोटीस आली. प्रसन्न बेंगळुरूला निघून गेला, निरोप न घेता. त्याबद्दल ती एकदाच बोलली: "त्याचा हात चांगला आहे. कुठं पण वाजवेल." नाणं बाजारात आलंच आणि सहा-सात महिन्यांत मातीमोल झालं. बहुतेकांनी तिचं ऐकलं होतं, ते वाचले. सगळ्यांनी ऐकलं नव्हतं. एक दिवस ऑर्केस्ट्रात गाणारी, त्या नाण्यात पैसे बुडालेली एक बाई आमच्या जिन्यात उभी राहून अंबक्काला वाटेल ते बोलली. क्रिप्टोचं नाव मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं, असं म्हणाली. मी मधे पडायला गेलो.

"अक्का, तू तर भर सभेत नको म्हणाली होतीस."

"नको म्हटलं ते नंतर. दार मीच उघडलं होतं, अल्वा? बोलू दे तिला." मग त्या बाईला म्हणाली, "झालं बोलून? आता चल, तक्रार द्यायला जाऊ. मी पण नाव लिहिते माझं." दोघी दुपारभर पोलीस ठाण्यात बसून आल्या. त्यातून काही निघालं नाही, तरी ती दर आठवड्याला त्या बाईबरोबर जात राहिली. पोलीस तिला टाळायला लागले होते.

गेल्या वर्षी माझी बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी ती घरी नव्हती. फोन केला तर म्हणाली, "हिनकलच्या थांब्यावर ये, हुणसूरची गाडी धरतेय." ती, जोसेफ आणि राजप्पाचे लाल कोटवाले सकाळच्या उन्हात सामान घेऊन उभे होते. 'नेर' पुन्हा सुरू झाला होता, या वेळी सरकारी बसनं. मी म्हणालो, "अक्का, नोटिशीचं प्रकरण मिटलं नाही अजून. थोडं जपून."

"जपून राहायला मी काय काचेचं भांडं आहे? तू पुण्याला जा. तिथल्या गाणाऱ्यांना पण सांग. आणि डाळ-तांदळाचं आधी सांग, विसरू नको."

बस आली. त्यांनी आधी ढोल चढवायला घेतला. कंडक्टर म्हणाला, एवढ्या मोठ्या नगाचं सामानाचं वेगळं तिकीट लागेल. अंबक्का पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

"सामान नाही ते," ती त्याला म्हणाली. "कलावंत आहे. उभा राहून येतोय, जागा पण मागत नाही."

कंडक्टरनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ढोलाकडे, आणि मुकाट्यानं बाजूला सरकून त्याला आत जायला वाट दिली.