तूबाखालाचं दंव

आमच्या खूसफ गावात हवामानाचं रेडिओला कुणी विचारत नाही, तूबाखालाला विचारतात. पहाटे ती नर्गिसच्या फुलांच्या वाफ्यात उकिडवी बसते, दांडे कुठे कललेत ते बघते, चुलींच्या धुराकडे एक नजर टाकते आणि सांगून टाकते. चाळीस वर्षांत तिचं कधी चुकलं नव्हतं. लग्नाच्या तारखासुद्धा लोक तिलाच विचारायचे. आभाळाकडे बघता बघता बिचारी म्हातारी झाली.

यंदा थोरला चिल्ला सरत आला होता. थंडीचे हे दोघे भाऊ, थोरला चाळीस दिवसांचा, धाकटा वीस दिवसांचा. ते भेटतात ते आठ दिवस सगळ्यांत वाईट. धाकटा म्हणे फुशारकी मारतो, "दादा, तुझ्याएवढे दिवस मला मिळाले असते ना, तर पाळण्यातलं पोर गोठवलं असतं."

त्याच दिवसांत एका सोमवारी तूबाखाला दारोदार फिरली. "उद्या कडक दंव पडणार, फुलं गोठवणारं. उमललेलं सगळं आजच कापा."

आम्ही बाया दिवसभर वाकून कापत राहिलो. फुलं शहरात नेणारी गाडी येणार गुरुवारी. तोवर ठेवायची कुठे? बादल्या भरल्या, हंडे भरले, हमामातला हौद भरला, चहाचा समोवारही सुटला नाही. बंद दारं, आत शेगडी आणि फुलांचा तो वास. डोकी गरगरायला लागली. मी हातातलीच सुरी शोधत बसले. शेजारची मासूमा तर स्वतःच्या नवऱ्याला 'अब्बा' म्हणाली.

सकाळी बघतो तर ऊन. कोट उतरवावा असं ऊन, आणि वाफ्यात उरलेल्या कळ्या एकामागून एक फुटताहेत.

सगळे तूबाखालाच्या दाराशी जमले. तिचा दीर रजबअली म्हणाला, "वहिनी, दंव वाटेत चहाला थांबलं वाटतं."

तिने आभाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आम्हाला वाटलं, आता रडणार. ती फिस्सकन हसली.

"चुकलं की गं माझं," ती म्हणाली. "अगदी साफ चुकलं."

मग तिला कोण आवरणार? ओंजळभर फुलं रजबअलीच्या टोपीत खोवली, मावतील तेवढी अंगावरच्या चादोरीत घेऊन हमरस्त्याकडे निघाली. मागोमाग आम्ही, हसून हसून पोट धरत. बिरजंद शहराकडे जाणारी बस थांबवली आणि खिडक्यांतून जुड्याच्या जुड्या आत दिल्या.

"कशाबद्दल, आजी?" ड्रायव्हरने विचारलं.

"काही नाही रे, माझं चुकलं. घे."

परतताना ती रस्त्याच्या मधोमध चालत होती. रजबअलीला म्हणाली, "भूक लागलीय. आज रांधायचं तू."

त्याने शलगमाचा आश, आमचं दाट सूप, शिजवला. तळाशी चांगलाच करपला. तूबाखालाने तीन वाडगे खाल्ले.