पेट्रोल गेलं कुठं?

मोटारीच्या धंद्यात माणसाजवळ दोन गोष्टी साचत जातात. नखातलं काळं आणि डोक्यातला राग. नखं घासलेटनं साफ होतात. रागाचे मात्र किस्से होतात आणि ते मरेपर्यंत निघत नाहीत. आमच्या घरी कुणी नुसतं "घाट" म्हटलं की मी सुरू होतो, आणि घरचे एकेक करून उठून जातात.

नातसून पुण्याची आहे. ती म्हणाली, आजोबा, लिहिताना "मले" नका लिहू, "मला" लिहा. बरं बाई. डोकं ठिकाणावर असेल तोवर "मला" लिहितो. जिथं "मले" आलं, तिथं मिस्त्री तापला असं समजावं.

*

मलकापूरच्या मोटार स्टँडवर मी मिस्त्रीही होतो आणि ड्रायव्हरही. मालक बापूसाहेब. मोठे बागायतदार, बोलायला गोड, पण शंकेखोर असे की स्वतःच्या सावलीलाही विचारतील, काऊन मागं मागं येतेस?

त्यांनी अमरावतीच्या एका साहेबाची जुनी टूरिंग कार घेतली. पाच माणसांची गाडी. त्यांना तिच्यात सोळा उतारू बसवून मलकापूर-बुलढाणा सर्व्हिस काढायची होती. सुतारानं करवतीनं मागचा भाग कापला, लाकडी खोका बसवला, दोन्ही बाजूंना लांब बाकं ठोकली. इतक्यात बापूसाहेबांना दिसलं की पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे.

"म्हणजे लोण्याच्या राखणीले बोका!" ते म्हणाले.

झालं. टाकी काढली. बाजारातल्या रहीमचाचांनी, ते टिनकाम करायचे, डाव्या बाकाखाली नवी टाकी केली. बाकाएवढी लांब, वीतभर उंच, चपटी. तोंड आणि नळी पुढच्या टोकाला. तोंडाला कुलूप, आणि किल्ली बापूसाहेबांच्या करगोट्याला. नळी मीच जोडली. कबूल करतो. त्या दिवशी माझी अक्कल चरायला गेली होती, नाहीतर पुढचं काही झालंच नसतं.

*

पहिल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली, नारळ फोडला, आणि मोटार राजूरचा घाट चढून बुलढाण्याला गेली. सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात बापूसाहेबांनी हात आखडता घेतला. टाकीभर कायले पाहिजे? जाऊन येण्यापुरतं टाकायचं.

त्या दिवशी घाटाच्या दुसऱ्या वळणावर मोटार ठसकली आणि बंद पडली. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचा टिपूस नाही. मी जेट काढून फुंकला, नळी काढून फुंकली, गाळणी धुतली. तोंडाला पेट्रोलची चव आली ती दोन दिवस गेली नाही. आणि भोवती सोळा उतारू, सोळाही मिस्त्री! एक म्हणे इंजिन गरम झालं. दुसरा म्हणे थंड पडलं. धाड गावची एक म्हातारी लेकीसाठी लोणच्याची बरणी घेऊन चालली होती, तिनं सरळ बॉनेटवर लिंबू ठेवलं.

मी ओरडलो, "आजी, मोटार लिंबानं चालत नाही!"

"तुह्या हातानं तरी कुठं चालून राह्यली?" म्हातारी म्हणाली.



*

तीनदा असं झाल्यावर बापूसाहेब स्वतः आले. माझ्या शेजारी बसले. घाटात मोटार त्याच जागी बंद पडली. त्यांनी करगोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि बाभळीची काठी टाकीत घातली. काठी कोरडी ठणठणीत.

त्यांनी उतारूंना तिथंच उतरवलं, मोटार ढकलून फिरवली. तोंड उताराकडे झालं तशी ती हँडल एकदा फिरवताच चालू झाली. मलकापूरला स्टँडवर आलो. सगळे ड्रायव्हर, हमाल, चहावाला जमले असताना बापूसाहेबांनी पुन्हा काठी घातली. चार बोटं ओली!

"घाटात कोरडी, इथं ओली. मंग मधात पेट्रोल गेलं कुठं?" त्यांनी भर स्टँडवर विचारलं. "मी सांगतो. यानं काढलं, अन् सापडला म्हणून परत टाकलं. चोर आहे हा. आजपासून याचं तोंड नाही पाहणार मी!"

कुलूप त्याचं, किल्ली त्याची, करगोटा त्याचा, अन् चोर मी? मले सांगा, हा कोणता न्याय? मी म्हटलं, मालक, तुम्ही तर पूर्ण रस्ता माझ्या बाजूला बसून होते. तर म्हणतात, वाटेत मोताळ्याले माझा डोळा लागला होता.

डोळा लागला होता! हे आठवलं की अजून मले राग आवरत नाही.

*

चोर हा शब्द ग्रीससारखा असतो, लागला की सगळीकडे लागतो. दुसऱ्या मोटारवाल्यांनी मला काम द्यायचं बंद केलं. तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. नुसते म्हणायचे, सध्या गाडी ठीक आहे मिस्त्री. ज्यांची गाडी माझ्यासमोर धूर ओकत उभी असायची तेही म्हणायचे.

एके दिवशी चहाला बसलो. चहावाला गणपत, माझा लहानपणचा दोस्त, आम्ही एका चिंचेवर दगड मारलेले. त्यानं माझ्यासमोरची घासलेटची बाटली हळूच उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मी चहा तसाच ठेवून उठलो. आणि ठरवलं, दुसरं काम मिळो न मिळो, ज्या स्टँडवर हा शब्द आला त्याच स्टँडवर तो परत घ्यायला लावीन.

*

माझ्या जागी अकोल्याचा ड्रायव्हर आला. खाकी कोट, खिशात सर्टिफिकेट. घाटात मोटार त्याच वळणावर थांबली. बापूसाहेबांनी काठी घातली. कोरडी! अकोलेवाला चोर ठरला. मग खामगावचा आला. तोही चोर. तिसरा कुठला होता आठवत नाही, पण आठ दिवसांत तोही चोर झाला.

म्हणजे मलकापूर ते अकोला सगळे ड्रायव्हर चोर आणि घाट एकटा साव! एका माणसालाही वाटू नये की काठीलाच काही विचारावं? पण शंका घेणारा माणूस सगळ्यांवर शंका घेतो, फक्त स्वतःच्या शंकेवर घेत नाही.

*

मी घरी बसून होतो. काम नसलेला माणूस घरात कुणावर चिडणार? बायकोवर. आमचा ओटा उताराचा होता, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. दुपारी तिथं जेवायला बसलो. तिनं ताटात भाकरी आणि वरण वाढलं. मी पाहतो तर माझ्या पुढ्यात नुसती भाकरी. वरण पार पलीकडच्या काठाला.

मी भडकलो. इतकंच वरण? मी कमावत नाही म्हणून का?

ती चुलीपाशी होती. उठून आली, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि पुढ्यातलं ताट गर्रकन अर्धं फिरवलं. भाकरी उताराच्या बाजूला गेली आणि सगळं वरण वाहत तिच्याखाली आलं.

"वरण ताटातच आहे," ती म्हणाली. "ताट फिरवत जा, मंग वरडत जा."

मी तसाच उठलो. हातही धुतला नाही. चढावर मोटारीचं नाक वर, म्हणून पेट्रोल त्या लांबलचक टाकीच्या मागच्या टोकाला. नळी पुढं. काठी पुढं. दोन्ही कोरड्या! टाकी भरलेली असली की पुढपर्यंत पुरायचं, म्हणून पहिल्या दिवशी घाट चढला.

रहीमचाचांना सांगितलं. ते आधी रागावले, मेरी टाकी थेंबभर गळत नाही म्हणाले. मी म्हटलं, चाचा, गळत नाही हेच तर सांगतोय. मग ते हसले आणि बापूसाहेबांकडे गेले. टाकी घाटात भरलेली ठेवा, एवढाच निरोप.

बापूसाहेबांचं उत्तर आलं, "चोराले भरून देऊ?"

मले वाटलं, जाऊन ती टाकीच डोक्यात घालावी. जन्मभर पाटाचं पाणी शेताला दिलेला माणूस, अन् पाणी उताराकडे जाते हे त्याले मी सांगू?

*

मग परमिटच्या तपासणीचा दिवस आला. साहेब नागपूरहून बुलढाण्याला येणार होता. दुपारच्या आत मोटार कचेरीसमोर उभी राहिली नाही तर सर्व्हिस बंद. आणि बापूसाहेबांना ड्रायव्हर मिळेना! तीन जिल्ह्यांतले सगळे त्यांनीच चोर करून ठेवले होते. शेवटी रहीमचाचा मला घेऊन गेले.

बापूसाहेब भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चाचा, त्याले सांगा, मी मागं बसीन. मले त्याचं तोंड दिसलं नाही पाहिजे. मान दिसली तर चालते."

त्यांनी मोटारीत पार मागं, दोन बाकांच्या मधे, स्वतःची खुर्ची ठेवली. माझ्या मानेकडे तोंड करून बसले. उतारू नव्हते. चाचा डाव्या बाकावर, टाकीच्या वर. पेट्रोल नेहमीसारखंच, अर्धी टाकी. 

घाटाच्या पायथ्याशी मी मोटार पूर्ण फिरवली. तोंड मलकापूरकडे, पाठ घाटाकडे.

मागून आवाज आला, "चाचा, त्याले विचारा, वापस काऊन चालला?"

मी रिव्हर्स टाकला आणि मान मागं वळवली. मोटार पाठमोरी घाट चढायला लागली. पेट्रोल सगळं पुढं, नळीच्या तोंडाशी. इंजिन एकदाही ठसकलं नाही. आता पाठमोरी गाडी चालवायची तर मागं पाहावंच लागतं, आणि मागं रस्त्याच्या आधी बापूसाहेब होते. त्यांनी छताकडे पाहिलं. मान दुखली. दरीकडे पाहिलं. तिथून लगेच नजर काढली. डोळे मिटले तर खुर्ची हलली आणि उघडावे लागले. शेवटी त्यांनी समोर पाहिलं. समोर मी! पहिलं वळण, दुसरं वळण, जिथं मोटार बंद पडायची तेच, मग पूर्ण घाट. मीही त्यांच्यावरची नजर काढली नाही. महिनाभराचा राग होता माझ्याजवळ, तो सगळा मी त्यांना दाखवला.

घाट संपला. सपाटी आली. मी मोटार फिरवली नाही.

थोड्या वेळानं बापूसाहेब पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "आता समोर पाह्यून चालव बे."

मी म्हटलं, "आधी शब्द वापस घ्या."

त्यांनी ओठ दाबले. मी रिव्हर्समध्येच ठेवली. रस्त्यानं बैलगाड्या थांबल्या, लोक कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. बुलढाण्याची घरं दिसायला लागली. कचेरीचं फाटक दिसलं. साहेब व्हरांड्यात उभा होता.

"स्टँडवर बोलतो," बापूसाहेब घाईघाईनं म्हणाले. "आईची आण. पण फिरव रे बाबा!"

मी फिरवली. फाटकातून सरळ तोंडानं आत गेलो, परमिट मिळालं.

संध्याकाळी मलकापूरला आलो. स्टँड गच्च भरलेलं. गणपत चहा गाळत होता, अकोलेवालाही तिथंच होता. बापूसाहेब उतरले. उपरणं झटकलं. कुणाकडे न पाहता घराच्या वाटेला लागले. दहा पावलं गेले, पंधरा गेले.

 मोटार चालूच होती, मी तिला रिव्हर्स टाकला. रिव्हर्सचा तो किर्र आवाज सगळ्या स्टँडवर गेला.

बापूसाहेब थांबले. वळले नाहीत. माझ्याकडे पाठ करूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पेट्रोल टाकीतच होतं."