कॉम्प्युटर आणि माझा पायगुण

आमचा कॉम्प्युटर माझ्यावर रुसलाय, हे सर्वात आधी आईच्या लक्षात आलं.

तसा तो म्हातारा. (पूर्वी त्याला दसऱ्याला झेंडूचा हार असायचा, आता डोक्यावर इस्त्रीचे कपडे असतात.) पण मी ऑफिसला गेलो की गुणी बाळासारखा सुरू व्हायचा, आणि मी घरात असलो की काळा पडदा! त्यावर एकच ओळ: सुरू व्हायला लागणारी डिस्क सापडत नाही.

"हार्डडिस्क गेली गं," मी बायकोला, वैशालीला, डॉक्टरी आवाजात सांगायचो.

"मग तू गेल्यावर परत कशी येते?"

यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. स्क्रूड्रायव्हर.

एरवी हे खपून गेलं असतं. पण सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी वैशालीने नाटिका लिहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा! ती शुक्रवारी कशीबशी पुरी झाली, प्रिंट काढायची राहिली, आणि आता होती फक्त त्या डबड्यात. रविवारी संध्याकाळी तालीम. तोवर छापील प्रती आल्या नाहीत, तर बी विंगच्या गोखलेबाईंची नाटिका बसवायची असं कमिटीने ठरवलेलं. गोखलेबाईंची नाटिका दरवर्षी असते. दरवर्षी तीच असते!

रविवारी मी घरी, म्हणजे कॉम्प्युटर बंद. मी त्याचं पोट उघडलं, धूळ फुंकली (ती आईच्या चहात गेली), रॅम काढून खोडरबरने घासली. काळा पडदा! सगळं परत बसवलं तर एक स्क्रू उरला. वैशाली सारखी घड्याळाकडे बघत होती. ती अशी घड्याळ बघते तेव्हा मला खरंच भीती वाटते, आणि त्या दिवशी तिच्यासाठी वाईटही वाटत होतं.

शेवटी आई म्हणाली, "सुध्या, हा तुझा पायगुण. तू जरा बाहेर जा बघू."

"आई, मशीन आहे ते! मी घरात आहे हे त्याला काय कळतंय?"

"त्याला कळतंय. तुलाच कळत नाहीये. जा!"

मी तणतणत खाली उतरलो. स्कूटरपाशी पोचल्यावर लक्षात आलं, किल्ली वरच राहिली.

"वैशाली! किल्ली टाक!"

ती दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आली. "अरे, तू खाली गेलास तरी सुरू होत नाहीये! वाट लागली माझी!"

आतून आई ओरडली, "अजून लांब पाठव त्याला!"

एव्हाना अर्धी सोसायटी खिडक्यांत आली होती.

"किल्ली कुठंय?"

"नेहमीच्या जागी!"

किल्ल्या हरवतो म्हणून रोज बोलणी खायचो, तेव्हा ही जागा मीच शोधून काढली होती. जुडग्यात एक पेनड्राइव्ह होता. घरी आलो की तो कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायचा, जुडगा मस्त लटकतो. बाहेर निघालो की उपसायचा. (या युक्तीबद्दल मी ऑफिसात भाषणही दिलं होतं.)

वैशाली आत गेली. पाठोपाठ आईचा आवाज आला, "सुरू झाला गं! आता बटण दाबलं नि झाला!"

वैशाली जुडगा घेऊन गॅलरीत आली. तिने जुडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा आत गेली.

"किल्ली खोचून परत चालू केला, तर अडला गं!" आईचं धावतं वर्णन चालूच. "आता झाला! आता परत नाही!"

खाली उभ्या उभ्या माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा आधी माझा पेनड्राइव्ह चाचपायचा, त्यात काही मिळालं नाही की तिथेच अडून बसायचा. मी घरात, तर किल्ली त्याच्या पाठीत!

"सापडलं ना कारण?" मी ओरडलो. "येतो वर!"

"अजिबात नाही!" वैशाली अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "प्रिंट निघेपर्यंत तिथेच थांब!"

"पायगुण तो पायगुणच," आई म्हणाली.

नाटिका झकास झाली. गोखलेबाईसुद्धा हसल्या. तालमीत वैशालीने एक नवा प्रवेश घातला होता: गॅलरीखाली एक माणूस किल्ली मागत ओरडतो. ते काम मला मिळालं. दिग्दर्शिका, म्हणजे वैशालीच, म्हणाली, याला अभिनय करायची गरज नाही, नुसतं उभं केलं तरी चालेल!