लेकीनं माझी बाजू घेतली

माझ्या मुलीचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही, पण शाळेत कवायतीला हात वर करायला सांगितले की सगळ्या मुलांमध्ये तिचा एक हात जरासा वाकलेला दिसतो. ती साडेचार वर्षांची असताना तो मोडला. माझ्यामुळे मोडला. एवढं लिहायलाही मला तीन वर्षं लागली.

तेव्हा आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. नवरा वैरागच्या एका शाळेत शिक्षक. तो सकाळी साडेसहाच्या एसटीनं जायचा आणि परत यायला रात्रीचे आठ व्हायचे. मुलगी बारा वाजता बालवाडीतून यायची आणि मी येईपर्यंत शेजारच्या अक्कांकडे राहायची. अक्का तेलुगू. उभा जन्म मागावर गेलेला, नवरा वारलेला, दोन्ही मुलं पुण्याला. त्यांच्या संगतीत माझ्या मुलीला तेलुगूत दहापर्यंत आकडे म्हणता येत होते.

मी मुलीला मारायची. रोज नाही, पण मारायची. बार्शीला माझ्या माहेरी आम्ही तिन्ही बहिणींनी लाटण्याचा मार खाल्लेला. त्यामुळे गालावर एखादी चापट म्हणजे मारणं, असं मला वाटतच नव्हतं. मुलगी एका हाकेला उठून यायची. ताटात काही टाकायची नाही. येणारेजाणारे म्हणायचे, छान वळण लावलंय. मला ते ऐकून बरं वाटायचं.

तो एप्रिलचा दिवस होता. आमच्या भागात त्या वेळी पाणी चार दिवसांनी यायचं आणि तो चौथा दिवस होता, नवं पाणी दुसऱ्या दिवशी येणार होतं. प्यायचं पाणी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या टाकीत भरून ठेवलेलं असायचं, तिला खाली तोटी. ऑफिसात परीक्षेच्या फॉर्मांचा गोंधळ झाला होता आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझा उद्धार केला होता. घरी येऊन मुलीला अक्कांकडून घेतलं, तोंडावर पाणी मारलं, तेवढ्यात पुन्हा साहेबांचा फोन. मी बाहेरच्या खोलीत उभी राहून ‘हो सर, हो सर’ करत होते. फोन ठेवून आत गेले तर स्वयंपाकघरभर पाणी. तोटी उघडी. ती बाहुलीला आंघोळ घालत बसली होती. टाकी रिकामी झाली होती.

मी ओरडले नाही. आधी थोबाडीत दिली. मग दंड धरून तिला उठवायला जोरात ओढलं. ओल्या फरशीवर तिचे पाय सुटले, माझ्या हातातून दंड निसटला आणि ती कोपरावर पडली. जो आवाज झाला तो मला अजून नेमका आठवतो.

मी तिला उचलून बाहेर आले तेव्हा अक्का त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. पुढे होऊन आमच्या दाराला कडी घातली.

रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, “काय झालं ताई लेकराला?”

“पाणी सांडलं होतं. पाय घसरला हिचा,” मी म्हणाले.

ती माझ्या मांडीवर विव्हळत होती. ते ऐकून क्षणभर थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा विव्हळू लागली.

दवाखान्यात हाडांचे डॉक्टर वयानं मोठे होते. त्यांनी आधी मुलीलाच विचारलं, “काय झालं गं बाळा?”

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “पाय घसरला.”

कुणी तिला शिकवलं नव्हतं. मी दटावलंही नव्हतं. रिक्षात एकदा कानावर पडलेलं तिनं उचललं होतं. डॉक्टरांनी तिच्या गालाकडे बघितलं. माझी बोटं अजून दिसत होती.

“आणि गालाला काय झालं?” हे त्यांनी मला विचारलं.

त्यांनी थोडी वाट बघितली. मग म्हणाले, “हाड बसवावं लागेल. भूल द्यावी लागेल.” आणि पुढचं नर्सला सांगायला लागले.

नवरा स्टँडवरून थेट दवाखान्यात आला. त्यालाही मी तेच सांगितलं. त्यानं तिच्या कपाळावरून हात फिरवला, मग मला म्हणाला, “सांडलं की लगेच पुसून घेत जा गं. फरशी लई गुळगुळीत आहे आपली.”

पुढचे काही दिवस बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. मुलगीही प्रत्येकाला सांगायची. आधी नुसतं ‘पाय घसरला’ होतं. दुसऱ्या दिवशी त्यात पळणं आलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा वैरागहून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज येत होता.

“आजी, मी पळत होते. आई म्हणाली होती, पळू नको, पडशील. मी ऐकलंच नाही.”

माझे हात परातीत तसेच राहिले. मी मारलं हे तिनं काढून टाकलं होतं आणि त्या जागी एक चांगली आई आणून बसवली होती. सगळी चूक स्वतःकडे घेऊन. साडेचार वर्षांच्या पोरीनं.

रविवारी सकाळी नवरा शाळेचे शर्ट इस्त्री करत होता. मी त्याच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं, का मारलंस असं विचारेल. त्यानं विचारलं, “याच्याआधी किती वेळा?”

“मोजलं नाही.”

त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाला, “मी घरी नसतो. ती शांत असते, ऐकते, म्हणून मला वाटायचं सगळं बरं चाललंय.”

त्या दुपारी त्यानं तिचे कपडे पिशवीत भरले. “प्लास्टर निघेपर्यंत वैरागला माझ्या आईकडे राहू दे,” तो म्हणाला. माझी परवानगी विचारली नाही, आणि विचारावी असं मलाही वाटलं नाही. जाताना ती खुशीत होती. एसटीच्या खिडकीतून तिनं चांगला हात हलवला.

तो तिला सोडून दुसऱ्या दिवशी शाळेवरूनच परतणार होता. मी घरात एकटी होते. संध्याकाळी अक्का आल्या. एरवी दारातूनच बोलायच्या, त्या दिवशी आत येऊन जमिनीवर बसल्या.

“भिंत पातळ हाय,” त्या म्हणाल्या. “मला सगळं ऐकू येतं की. लई दिवसांपासून येतं. त्या दिवशी पण लेकरू रडलालं तर मी उठले, दारापर्यंत आले. मग म्हटलं, दुसऱ्याच्या घरात कशाला.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

“मी पण मारलं माझ्या पोरांना,” त्या म्हणाल्या. “माग चालू असताना मध्ये आलं की हातात असंल ते फेकायची. आता ती दर रविवारी फोन करतात. चुकवत न्हाईत. तब्येत विचारतात, गोळ्या विचारतात. पाच मिनिटं. सगळं नीट बोलतात.” त्यांनी पदर सारखा केला. “राग आला की तिला माझ्याकडं आण. काही सांगू नको. नुसतं आण आणि तू गच्चीवर जा.”

त्या महिन्यात मी दर रविवारी वैरागला जात होते. मुलगी माझ्याशी फार नीट वागायची. “आई, पाणी पिऊ का?” “आई, मी बाहेर बसू का?” प्रत्येक गोष्ट विचारून. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, “शानी झालीय बघ.” मी हसायची आणि परतीच्या एसटीत तोंडावर ओढणी घेऊन बसायची.

प्लास्टर निघालं तेव्हा आतला हात काडीसारखा झाला होता, कातडीचे पापुद्रे निघत होते. डॉक्टरांनी तो हलवून बघितला आणि म्हणाले, व्यायाम करून घ्या, पण थोडा बाक राहील. मोठी झाल्यावर वाटलं तर बघता येईल. नवरा त्यांच्याशी बोलत होता. माझ्याशी ते काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं. काय बोलायचं ते मी मनात पुष्कळदा घोकलं होतं.

“तुझा पाय घसरला नव्हता,” मी म्हणाले. “मी तुला मारलं. मग ओढलं. म्हणून तू पडलीस.”

“घसरला होता.”

“नाही गं राणी. चूक माझी होती. तुझी नव्हती.”

“घसरला होता,” ती मोठ्यानं म्हणाली. मी पुन्हा तोंड उघडलं तर तिनं चांगल्या हाताचा तळवा माझ्या तोंडावर दाबून धरला. तिचे डोळे भरले होते. तिला वाईट वाटत होतं की भीती वाटत होती, मला कळेना. मला वाटलं होतं, मी माफी मागेन आणि ती मला बिलगेल. तसं काही झालं नाही. ती उठून बाहुली घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली, पाठ करून.

मी ते पुन्हा सांगितलं. महिन्याभरानं, मग आणखी काही दिवसांनी. तिसऱ्या वेळी तिनं तोंड दाबलं नाही. एवढंच म्हणाली, “माहितीये.”

दरम्यान मी शिकत होते, म्हणजे धडपडत होते. ऑफिसातून आल्यावर लगेच आत जायचं नाही, पायरीवर पाच मिनिटं बसायचं. फोन वाजला तरी आधी तिला जवळ घ्यायचं. काही सांगायचं तर लांबून ओरडायचं नाही, जवळ जाऊन खाली बसून सांगायचं. दूध सांडलं तर फडकं दोघींनी घ्यायचं. हे लिहायला सोपं आहे. ऑगस्टमध्ये एकदा तिनं माझ्या ऑफिसच्या कागदांवर स्केचपेननं रेघोट्या ओढल्या आणि माझा हात वर गेला. हवेतच थांबला, पण वर गेला. ती पळाली नाही. डोळे मिटून, खांदे वर करून जागच्या जागी उभी राहिली. पळाली असती तर बरं वाटलं असतं. मी तिला अक्कांच्या दारात सोडलं आणि गच्चीवर जाऊन उन्हात उभी राहिले.

थंडीच्या दिवसांत आम्ही दोघी नवी पेठेत तिला चप्पल घ्यायला गेलो. ती पाच वर्षांची झाली होती. दुकानात तिला लाईट लागणारे सँडल दिसले. तिच्या मापाचे नव्हते. दुसरे दाखवले तर तिनं ते फेकले आणि दुकानासमोर रस्त्यावरच अंग टाकून दिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं हट्ट केला होता. माणसं वळसा घालून जात होती, एका रिक्षानं हॉर्न वाजवला. मी तिला उचलून पायरीपाशी आणलं तर तिनं माझ्या नडगीवर लाथ मारली.

“एक द्या की ठेवून, ताई,” दुकानदार म्हणाला. वाईट माणूस नव्हता. “त्याशिवाय ऐकत न्हाईत.”

माझा तळहात गरम झाला होता. खोटं कशाला सांगू. मी तो मांडीखाली दाबून पायरीवर बसले. तिला म्हणाले, “ते सँडल आज मिळणार नाहीत. रडायचं तर रड. लाथ मारू नकोस, मला लागतं. मी इथंच बसलेय.”

ती रडली. खूप वेळ रडली. लोक माझ्याकडे बघत होते, एक बाई तर थांबून बघत होती. मग तिचा आवाज बसला आणि ती येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. हुंदके देत होती. जरा वेळानं रस्त्याकडे बघतच तिनं विचारलं,

“तू मला मारणार होतीस ना?”

“हो. मनात आलं होतं.”

“मग?”

“मग नाही मारलं.”

तिनं त्यावर विचार केला. “उद्या?”

कधीच मारणार नाही, असं ओठांवर आलं होतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तिच्यापुढे ते बोलवेना.

“उद्याही मारायचं नाही असं मी ठरवलंय,” मी म्हणाले.

“आणि विसरलीस तर?”

“मला राग आलाय असं वाटलं, की तू सरळ अक्कांकडे जायचं. मला विचारायचं नाही. मी रागावणार नाही.”

तिनं मान हलवली. मग जुन्या चपलेचा सुटलेला पट्टा मला लावायला सांगितला. आम्ही काही न घेता घरी आलो.

त्यानंतर आजपर्यंत मी तिच्यावर हात उचललेला नाही. आता ती दुसरीत आहे. वाद घालते, दार आपटते, मला तोंडावर ‘तू चुकलीस’ म्हणते. अजूनही मी तिच्या डोक्यावरच्या फळीवरून डबा काढायला अचानक हात वर केला, की तिची मान किंचित आत जाते. तिला स्वतःला ते कळत नसावं. नवऱ्याला कळतं.

ठरल्याप्रमाणे, माझा राग बघून, अक्कांकडे ती दोनदा गेली. पहिल्यांदा मी खरंच भान सोडलं होतं. दुसऱ्यांदा तसं काही नव्हतं, नुसता आवाज चढला होता. तिनं वही मिटली, चपला घातल्या आणि मला न विचारता गेली. भिंतीपलीकडून अक्कांचं आणि तिचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. मी पाऊण तास तशीच बसून राहिले. मग उठून भात लावला.