वेशीत थांबलेली शेवंती

भोसरीच्या कंपनीत सायकल स्टँडवर घोडी बांधणारा माणूस एकच होता, तो म्हणजे बोरवडीचा भिवा चिमाजी. पहिल्या दिवशी वॉचमननं त्याला अडवलं. सायकलला बिल्ला मिळतो, घोडीला कुठला देऊ, असं विचारलं. भिवा म्हणाला, "सायकलचाच द्या की. हिला हवा भरावी लागत न्हाई, तेवढाच तुमच्या पंपाला आराम." वॉचमन हसला आणि तिथंच हरला. तेव्हापासून त्या घोडीच्या, शेवंतीच्या, गळ्यात पत्र्याचा बिल्ला आला आणि पहिल्या शिफ्टचे कामगार तिच्या मानेवर थाप मारून आत जाऊ लागले.

ही गोष्ट पासष्ट-सहासष्ट सालची. भोसरीच्या शेतांत नुकत्याच शेड उठत होत्या. नाशिक रस्त्यावर ट्रक वाढले होते, आणि त्या ट्रकांच्या कडेकडेनं हा बाबा मोशीच्या पलीकडून रोज घोडीवर बसून कामाला यायचा. सायकल का घेत नाहीस, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "सायकल मला वळखत न्हाई, राव."

घोडी भीमथडी होती. भीमेच्या काठची ही जात. इथल्याच माळावरच्या घोड्या, त्यांच्यात कधीकाळी फौजांबरोबर आलेल्या अरबी आणि तुर्की घोड्यांचं रक्त मिसळलं. जे निपजलं ते अंगानं बुटकं, पण हाडानं चिवट. मूठभर कडब्यावर दिवस काढणारं आणि खडकाळ घाटात पाय न घसरणारं. मराठ्यांच्या स्वाऱ्या ह्याच पाठींवर बसून दूरदूर गेल्या. पुढे स्वाऱ्या संपल्या, पागा मोडल्या, आणि त्याच जातीला तट्टू म्हणून हिणवत लोक तिच्यावर मिठाची पोती लादायला लागले. उपकार विसरण्यात माणसाचा हात कोणी धरणार नाही.

भिवाचा बाप चिमाजी तळेगावकडच्या एका इनामदाराच्या पागेत मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, शिकवणं सगळं त्याच्याकडे. पागा मोडली तेव्हा म्हाताऱ्यानं निरोपाच्या वेळी एक शिंगरू मागून घेतलं आणि खांद्यावर पोर घ्यावं तसं जपत घरी आणलं. त्या शिंगराला, म्हणजे शेवंतीला, त्यानं रेवाल चाल शिकवली. एका अंगाचा पुढचा आणि मागचा पाय लोकरीच्या मऊ दोरीनं जोडायचे आणि नदीच्या वाळूतून सावकाश चालवायचं, दोरी सुटली तरी पाय तसेच पडेपर्यंत. रेवालीत चारी टापा वेगवेगळ्या ऐकू येतात, पाठीला हिसका म्हणून बसत नाही. दुडकीत स्वार उडतो, चौखूर धावताना हेलकावतो, रेवालीत तो नुसता पुढे सरकतो. शेवंतीवर बसून भिवा विडी पेटवायचा आणि काडी विझायची नाही. चिमाजी गेला तेव्हा घोडी भिवाची झाली.

रस्त्यावर भिवाला अडवणारं कुणी नव्हतं. अडचण होती ती गावात.

बोरवडीची वेस दगडी आणि अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी. भिवाची बौद्ध वस्ती गावाच्या पलीकडे ओढ्याकाठी, आणि तिकडे जाणारा रस्ता गावातून. शिफ्ट संपवून आलेला भिवा वेशीपाशी खाली उतरायचा, लगाम धरून सगळं गाव पायी ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचा. सकाळी जातानाही तेच. बाप असंच करायचा. आणि ह्याच वेशीची राखण ह्याच घराण्यानं पिढ्यानपिढ्या केलेली, उन्हापावसात, भाकरीच्या तुकड्यावर. छप्पन साली धर्म बदलला, गावकीची कामं टाकली, मेलेली गुरं ओढणं बंद केलं. हे उतरणं तेवढं राहून गेलं. रोजचा अपमान अंगवळणी पडला की माणूस त्याला सवय म्हणतो.

चैत्रात भैरवनाथाची जत्रा भरायची. दुसऱ्या दिवशी चावडीपुढच्या पटांगणात घोड्यांची चाल पाहायची रीत होती. खेड, मंचर, मावळातून घोडी यायची. वेशीबाहेरच्या मारुतीपाशी सगळे स्वार जमत, हलगीच्या तालावर एकामागून एक वेशीतून आत येत. पटांगणात प्रत्येकाच्या हातात काठोकाठ भरलेला दुधाचा पेला द्यायचे. तो घेऊन रेवालीत फेऱ्या मारायच्या. ज्याचं दूध सांडलं नाही त्यानं ते प्यायचं आणि डोक्याला मानाचा फेटा बांधून घ्यायचा.

शेवंतीनं तो मान तीनदा आणला होता. फक्त तिच्यावर बसायचा तो साहेबराव पाटलांचा पुतण्या सयाजी. भिवा घोडी धुऊन-पुसून, वेशीतून पायी चालवत न्यायचा आणि पटांगणात लगाम सयाजीच्या हातात द्यायचा. दूध सयाजी प्यायचा, फेटाही सयाजीचा. भिवाला शाबासकी मिळायची, तीही लांबून. भिवाची बायको सरूबाई एकदा चुलीपुढे बसून म्हणाली, "कोंडा मी घालते, लीद मी काढते, आन फेटा त्या सयाजीला. त्यो काय घोडीचा नवरा हाय?" भिवा हसला, पण रात्रभर त्याला ते खुपत राहिलं.

एकाहत्तर सालच्या जत्रेआधी तो साहेबराव पाटलांकडे गेला. पाटील जत्रा कमिटीचे अध्यक्ष. आवाज चढवणारा माणूस नव्हे, जिभेवर साखर ठेवूनच बोलायचे.

"औंदा घोडीवर मी बसनार," भिवा म्हणाला.

"बस की. घोडी तुझी, कायदा तुमचा. कोन न्हाई म्हनतंय?"

"आन वेशीतून?"

पाटलांनी पान लावता लावता वर पाहिलं. "वेशीचं मला का इचारतोस? आमी कधी तुला उतर म्हनलोय का, भिवा? आठव बरं. तुमचं तुमीच उतरता."

भिवा तसाच माघारी फिरला. घरी येईपर्यंत त्याचे कान तापले होते. खरंच की. त्याला कुणी म्हटलं नव्हतं. बापालाही कुणी म्हटलं नसावं. न बोलता पाळली जाणारी रीत मोडायची तर भांडायचं तरी कुणाशी? पाटील हात झटकून मोकळे, आणि दोष उतरणाऱ्याच्याच पदरात. त्याला पाटलांचा आला नसेल एवढा स्वतःचा राग आला.

वस्तीतले जाणते त्याला समजवायला आले. ओढ्याकडून वाट आहे, तिकडून बसूनच पटांगणात ये, वेशीचा प्रश्नच नको, असं त्यांचं म्हणणं. सरूबाई आतून म्हणाली, "का? चोरी केलीया का आमी?" जाणते चहा पिऊन गेले.

जत्रेच्या दिवशी भिवानं कंपनीची खाकी पँट इस्त्री करून घातली. मारुतीपाशी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात पहिला नंबर त्याचाच निघाला. हलगीवाला किसन वेशीच्या कोनाड्यात उभा राहून वाजवायला लागला. भिवानं टाच दिली. शेवंती मान उंचावून रेवालीत निघाली, टापा सुरेख पडत होत्या, माणसं दोन्ही बाजूंनी सरकत होती. वेस आली.

आणि वेशीच्या तोंडाशी शेवंती थांबली.

भिवानं पुन्हा टाच दिली. ती हलली नाही. कान मागे टाकून मान वळवली आणि त्याच्या गुडघ्याकडे बघत उभी राहिली. उतर की बाबा, असं रोजच्यासारखं सांगत होती. तिला कोण काय सांगणार? इतकी वर्षं ह्याच दगडापाशी धनी उतरतो, हे तिला पक्कं पाठ झालं होतं, आणि ते पाठ करून घेणारा पाठीवर बसला होता.

माणसं हसायला लागली. सयाजी वेशीच्या कट्ट्यावरून ओरडला, "घोडीला रीत कळती, माणसाला कळंना."  मागून कुणीतरी चाबूक पुढे केला. भिवानं तो घेतला नाही. बापानं ह्या घोडीला कधी मारलं नव्हतं, आणि घोडीचा ह्यात काय गुन्हा होता? मारण्यासारखं कुणी असेल तर ते तो स्वतः होता.

मागे बाकीची घोडी खोळंबली. वेस अरुंद, बाजूनं जायला जागा नाही. उन्हात स्वार कुरकुरायला लागले. वस्तीतला एक म्हातारा घोडीला खेटून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "भिवा, उतर. चार पावलं चालव आन आत जाऊन बस पुन्ना. कोन मोजतंय?"

"मी मोजतोय," भिवा म्हणाला.

खाली उतरला असता तर शेवंती कोकरासारखी मागून गेली असती. पटांगण तिचंच होतं, फेटाही मिळाला असता. पण ती चार पावलं सोडली तर बाकी जत्रेत होतं काय? सरूबाई गर्दीत पुढेच उभी होती.  तिनं पदर कमरेला खोचला, तेवढ्यानं भिवाला बसल्या जागी बळ आलं.

शेवटी साहेबराव पाटील आले. बंदोबस्ताचे जमादारही मागोमाग आले. पाटलांच्या कपाळावर आठ्या होत्या, पण आवाज गोडच. "भिवा, माणसं उन्हात हायत. देवाचं काम हाय. काय करायचं ते तुला कळतंय."

"न्हाई कळत, पाटील. तुमी सांगा."

"अरं, समजून घे."

"समजूनच तर घ्यायचं हाय. तुमी म्हनला, आजवर कुनी उतर म्हनलं न्हाई. बरोबर हाय तुमचं. कुनी न म्हनता माझा बाप उतरला, मी उतरलो, घोडीबी शिकली. आज एकदा म्हना. मोठ्यानं, जमादारासमोर, समद्या गावासमोर. म्हना, भिवा, तू उतर. मग उतरायचं का न्हाई ते मी बघतो."

 भिवाला भीती होतीच, ती लपवायची त्यानं खटपट केली नाही. पाटलांनी तोंड उघडलं. जमादारांकडे पाहिलं. पाहुण्या गावांच्या स्वारांकडे पाहिलं. तोंड मिटलं.

किसनच्या हलगीचा ठेका मध्येच तुटला. पुढे कुणी म्हणालं त्याच्या हातून टिपरी निसटली. किसननं स्वतः कधी काही सांगितलं नाही. पण एवढा वेळ कानठळ्या बसवणारी वेस एकदम गप्प झाली. कुणी हसत नव्हतं. भिवानं लगाम सैल सोडला, शेवंतीच्या मानेवर हात ठेवला आणि वाट पाहिली. तिनं एकदा नाक फुरफुरवलं. मग एक पाय उचलून वेशीच्या आत टाकला. मग दुसरा. दगडी कमानीखाली चारी टापा वेगवेगळ्या वाजल्या, आणि पाटील बाजूला झाले. त्यांना व्हावंच लागलं.

पटांगणात भिवानं भरला पेला घेऊन फेऱ्या मारल्या. दुधाचा थेंब सांडला नाही. पंचांनी बराच वेळ कुजबुज केली आणि फेटा मंचरच्या घोड्याला दिला. कारण सांगितलं, भिवाची घोडी वेशीत अडली. भिवानं ऐकून घेतलं. मग घोडीवर बसल्या बसल्या गावच्या त्या पेल्यातलं दूध घटाघटा प्यायला आणि रिकामा पेला पंचांच्या टेबलावर ठेवला. पेला उचलायला बराच वेळ कुणी पुढे आलं नाही. शेवटी सरूबाईनंच तो उचलला, पदरानं पुसला आणि पालथा घातला.

सोमवारी पहिली शिफ्ट संपवून भिवा आला तेव्हा शेवंती वेशीत पुन्हा थांबली. कट्ट्यावरची पोरं टपून बसली होती. भिवा बसून राहिला. बऱ्याच वेळानं ती चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे पावसाळाभर चाललं. कधी भर पावसात, कधी सेकंड शिफ्टहून परतताना कंदिलाच्या उजेडात, तो वेशीत डोक्यावर पोतं घेऊन बसलेला असायचा. गावात कुणी त्याला हट्टी म्हणालं, कुणी माजलेला म्हणालं. दिवाळीच्या सुमाराला घोडी विसरली. रस्त्यावरून आली तशी न थबकता वेशीतून निघून जायला लागली.

भिवा मात्र विसरला नाही. शेवंती म्हातारी झाली, तिच्या पोटची घोडी खोगिराला आली, भिवाचे केस पिकले, बोरवडीला एसटी सुरू झाली. तरी ऐंशी सालीही वेस जवळ आली की त्याचा उजवा पाय आपोआप रिकिबीतून बाहेर यायचा. उतरायला निघालेला पाय. भिवा त्याच्याकडे बघायचा, दातओठ खायचा आणि तो पुन्हा रिकिबीत घालायचा. रोज.