केसांना साखरेचं पाणी

माझ्या दिराच्या तोंडात साखरेचं पाणी गेलं आणि त्याची सून म्हणाली, "काकू, मारलंत तुम्ही त्यांना."

ती ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, म्हणून जास्त लागलं. दीर जूचंद्र गावातल्या त्याच्या घरात चटईवर आडवा, डोळे मिटलेले, अंग घामाने भिजलेलं. त्याला डायबेटीस आहे हे साऱ्या आळीला माहीत आहे. त्या घरात साखरेचा डबाच ठेवत नाहीत. आणि तिथे साखर नेली ती मी, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीतून. वर माझे केस डोक्यावर वीतभर उभे होते, पापण्या निळ्या होत्या आणि केसांवर माश्या बसत होत्या. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी असं कोणी जात नाही. पण मला डोकं धुवायला वेळच मिळाला नव्हता.

मी चौथीपर्यंत शिकले. गोखिवऱ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. तिथे आतल्या खोलीत माझी नात आणि तिचा एक मित्र पॉडकास्ट करतात. म्हणजे दोघं माइकसमोर बसून गप्पा मारतात आणि लोक त्या फोनवर ऐकतात. मी एकदा विचारलं, "लोकांच्या घरी बोलायला कोणी नाही का, म्हणून तुमचं ऐकतात?" नात म्हणाली, "आजी, तू रोज दुपारी खिडकीत बसून खालच्या बायकांचं ऐकतेस, ते काय आहे?" ते मला पटलं. तेव्हापासून मी त्यांना माझ्या गोधड्या भिंतीला लावू देते. त्यामुळे आवाज घुमत नाही म्हणतात. त्या वेळात कुकर लावायचा नाही, हे मात्र मला अजून पटलेलं नाही.

मित्र दिवसा नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांसमोर उभं राहून विनोद सांगतो. त्याला स्टँडअप म्हणतात.

"उभं कशाला राहायचं?" मी विचारलं.

"बसून सांगितलं तर लोकांना वाटतं घरातलाच कोणी बोलतोय."

त्याचे सगळे विनोद त्याच्या आईवर असतात. "तिला माहीत आहे का?" मी विचारलं.

"पहिल्या रांगेत बसते ती."

"हसते?"

"नाही आजी. घरी येऊन उत्तर देते."

नात प्रेमाच्या कादंबऱ्यांवर बोलते. इंग्रजी वाचते, पण मला मराठीत गोष्ट सांगते. त्यातला नायक नेहमी उंच, दुखावलेला आणि मोठ्या कंपनीचा मालक असतो. सकाळी तो नायिकेला समुद्रावर नेतो, दुपारी तिच्यावर रुसतो, संध्याकाळी पावसात उभा राहतो. मी विचारलं, "मग हा कामावर जातो कधी?" दोघं हसत सुटली आणि तेव्हापासून मला माइकसमोर बसवू लागली. बसते. नाहीतरी माझ्या गोधड्या तिथेच लटकलेल्या असतात.

कादंबऱ्या मीही वाचल्या आहेत, मराठी. नवरा होता तेव्हापासून दीर मला वसई गावातल्या वाचनालयातून पुस्तकं आणून देतो. त्याची खोड अशी की आधी स्वतः वाचायची आणि दारात देतानाच शेवट सांगून टाकायचा. "वहिनी, घ्या. ती डॉक्टरशी लग्न करते." मी त्याच्याशी किती भांडले असेन. नवरा गेला, पुस्तकं बंद झाली नाहीत आणि खोडही नाही. मला आता पुस्तक आणून देणारं दुसरं कोणी नाही. दीर गेला तर शेवट माहीत नसलेली पुस्तकं वाचायला मिळतील, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे. पण ती आणणार कोण, हे तेव्हा बोलले नव्हते.

त्या दिवशी विषय होता ग्लॅम मेटल. मित्र त्यासाठी वेडा आहे.

"आजी, अमेरिकेतलं जुनं गाणं-बजावणं आहे. बाप्ये केस फुगवायचे, पापण्या रंगवायचे, चमचमत्या घट्ट विजारी घालायचे आणि जोरात गिटार वाजवायचे."

"कशासाठी?"

"मुली खूश व्हायच्या."

"मुलींसारखं नटून?"

"हो."

"आमच्या गावच्या नाटकात बाप्ये लुगडी नेसायचे," मी म्हटलं. "त्यांच्यावर कोणी खूश झाल्याचं आठवत नाही. बायका दुसऱ्या दिवशी लुगडी परत मागायला जायच्या."

गाण्यात काय म्हणतात ते विचारलं. तो म्हणाला, रात्र आपली, रस्ता आपला, आपल्याला कोणी अडवू शकत नाही, असंच साधारण. मी म्हटलं, विजार एवढी घट्ट असेल तर अडवायची गरज काय, पळणार आहे कुठे? नात म्हणाली, "आजी, हे आत्ता बोलू नकोस, माइक चालू झाल्यावर बोल."

आता लोक पॉडकास्ट नुसता ऐकत नाहीत, बघतातही. म्हणून कोणाचे तरी केस तसे उभे करायचे ठरलं. मित्राला टक्कल पडायला लागलंय. नातीने केस कानापर्यंत कापलेत. घरात केस होते ते माझे, पांढरे, पण कमरेपर्यंत. मी आधी नाही म्हटलं. मग मित्र म्हणाला, "आजी, तुमच्याइतका जाड केस आमच्या अख्ख्या ऑफिसात नाही." मी पाट घेऊन बसले.

त्यांनी केस उलटे विंचरले, वर फवारा मारला. फवारा अर्ध्यातच संपला. मित्राने कुठेतरी वाचलं होतं की साखरेच्या दाट पाण्यानेही केस उभे राहतात. नातीने इस्त्रीच्या बाटलीत भरपूर साखर विरघळवली. राहिले उभे. पापण्यांना निळा रंग लावला. आरशात पाहिलं तर विजेचा झटका बसलेली बाई दिसत होती. माइक चालू झाला, मी विजारीचं बोलले, आणि दार वाजलं.

शेजारीण होती. मला पाहून तिने आधी रामाचं नाव घेतलं, मग निरोप सांगितला. माइकपायी आमचे सगळ्यांचे फोन बंद, म्हणून दिराच्या मुलाने तिला फोन केला होता. दीर डोळे उघडत नाही, डॉक्टरला बोलावलंय, पण काही खरं दिसत नाही, शेवटचं तोंड बघायला या.

मी चप्पल घातली. मित्राने रिक्षा थांबवली आणि तोही बसला. नातीने बाटली बरोबर घेतली, वाटेत केस ओले करून बसवू म्हणाली. मी पदर डोक्यावर घेतला तर तो तंबूसारखा वर राहिला. रिक्षावाला आरशात बघायचा, मग रस्त्याकडे बघायचा, मग पुन्हा आरशात. नातीने माझ्या डोक्यावर पाणी मारलं. केस आणखी ताठ झाले.

मित्र म्हणाला, "अगं, बाटलीतलं ते साखरपाणी ओतून दिलं होतंस ना?"

"मला वाटलं तू दिलंस."

मी म्हटलं, "दोघं मिळून जगाशी बोलता आणि दोघांत मिळून एक बाटली धुतली जात नाही." पदराने पापण्या पुसल्या तर निळं गालावर आलं. मग पुसणं सोडून दिलं.

दिराच्या घरात तुळशीचं पान तयार होतं, गंगेचं पाणी नव्हतं. म्हणजे पाणी होतं, गडूत. तो तांब्याचा सीलबंद गडू सगळ्यांच्या देव्हाऱ्यात असतो आणि कोणीच तो कधी उघडून बघितलेला नसतो. दिराचा मुलगा रडत रडत त्यावर पक्कड चालवत होता. एक शेजारी म्हणाला, खालून भोक पाड. दुसरा म्हणाला, गरम कर. गडू हलला नाही. मला पाहून सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि मग पुन्हा गडूकडे वळल्या. त्यांना एका वेळी एकच काळजी पुरे होती.

सून त्याच गावची. ती म्हणाली, "आता साधं पानी घाला कुनीतरी. ते गंगेचं राहू द्या."

नातीच्या हातात बाटली होती. मुलाने ती ओढून घेतली, बापाच्या ओठावर पान ठेवलं आणि कपड्यांवर मारतात तसं पाणी मारत सुटला. मी म्हटलं, "अरे, त्यात साखर आहे." तोवर बरंच आत गेलं होतं. आणि मग सून ते म्हणाली.

विनोद सांगणारा मित्र भिंतीला चिकटून उभा होता. मी दिराकडे बघत होते. त्याची जीभ बाहेर आली. तिने पान बाजूला सारलं आणि ओठ चाटले.

"अजून," दीर म्हणाला.

सून म्हणाली, "नाय द्यायचं."

मी मुलाच्या हातातून बाटली घेतली. म्हटलं, "मारलंच आहे तर नीट मारू." आणि थोडं थोडं करत उरलेलं दिलं. चमचाभर तळाशी राहिलं तेव्हा त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"वहिनी, मी मेलो का?"

"अजून नाही, भावोजी."

"मग तुम्हाला काय झालं?"

तेवढ्यात डॉक्टर आला. त्याने बोटाला सुई टोचली, यंत्रात बघितलं आणि विचारलं, "इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन उपाशी होते का?" मग कळलं. सकाळी सुनेने दुधीची भाजी दिली होती. दीर रुसला, इंजेक्शन घेतलं आणि भाजी मांजरीपुढे सरकवली. मांजरीनेही खाल्ली नव्हती, वाटी तशीच होती.

"साखर फार खाली गेली होती," डॉक्टर म्हणाला. "मधे काही गोड दिलंत का?"

सगळ्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं. डॉक्टरनेही पाहिलं. एक माशी उठली आणि पुन्हा बसली. "बरं झालं दिलंत," एवढं म्हणून त्याने पुढचं कसलंही विचारलं नाही. दिराला हॉस्पिटलात हलवायला सांगितलं.

गाडी येईपर्यंत सुनेने आमच्यासाठी चहा टाकला. पहिला कप माझ्यासमोर ठेवला आणि घोटाळली. "काकू, त्या बाटलीत उरलंय का थोडं? घरात साखर नाय." मी बाटली दिली. चहाला माझ्या केसांचा वास येत होता. प्यायले.

डोकं धुतलं तरी कितीतरी दिवस उशीला मुंग्या लागायच्या. आणि घाईत घरचं ते आवाज टिपणारं यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. त्यात दार वाजलेलं, शेजारणीचा राम, आमची पळापळ आणि नंतर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, सगळं आलं होतं. ते लोकांना ऐकवायचं असं दोघांनी ठरवलं, पण दिराची परवानगी हवी होती. दीर म्हणाला, मी स्वतः येऊन सांगतो. आला, गोधड्यांच्या मध्ये बसला, माइक चालू झाला आणि त्याचं पहिलं वाक्य, "मी यात मरत नाही."

नातीने कपाळाला हात लावला. मित्र म्हणाला, "आजोबा, हे शेवटी सांगायचं असतं."

"तोवर लोकांनी काळजी करत बसायचं का?" दीर म्हणाला. आणि येताना आणलेलं पुस्तक माझ्या हातात देत माइकवरच सांगितलं, "वहिनी, यात ती परत नवऱ्याकडे जाते."

मी इथे त्याचं ऐकलं नाही. शेवट शेवटालाच ठेवला. दीर जिवंत आहे.